बिलातला पहिला लाख कोण भरणार?

एका धर्मादाय रुग्णालयाला तिघांनी प्रत्येकी दहा हजार रुपये देणगी दिली, असं धरून चालू. पहिले गृहस्थ कंपनीत बड्या हुद्द्यावर, आयकराच्या तीस टक्क्यांच्या टप्प्यातले. दुसऱ्या बाई बँकेत अधिकारी, वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या. तिसरा रिक्षा चालवतो. त्याच्या आईवर त्याच रुग्णालयात उपचार झाले होते, म्हणून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे त्याने आणून दिले. तिघांच्या हातात '८० जी'ची सारखीच पावती पडते. जुन्या करप्रणालीत बहुतेक ट्रस्टांच्या बाबतीत अशा पावतीवर देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, म्हणजे इथे पाच हजारांची. चार टक्के उपकर धरून पहिल्या गृहस्थांचा कर १,५६० रुपयांनी कमी होतो, बँकेतल्या बाईंचा १,०४० रुपयांनी. रिक्षावाल्याला आयकर लागतच नाही, त्यामुळे करापुरतं बोलायचं तर त्याच्या पावतीची किंमत शून्य.

वाचलेला कर आकाशातून पडत नाही. तो सरकारी तिजोरीत यायचा होता, आला नाही. करसवलतींमुळे किती महसूल हुकला याचं विवरण केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत मांडतं आणि देणग्यांवरची वजावट त्यात दाखवलेली असते. म्हणजे पहिल्या गृहस्थांच्या दहा हजारांतले दीड हजार खरं तर तुमचे-माझे आहेत, आणि त्या रिक्षावाल्याचेही; साबणापासून टायरपर्यंत प्रत्येक खरेदीवर जीएसटी तो भरतोच. मोठ्या पगाराच्या माणसाच्या दानाला आपण सगळे मिळून हातभार लावतो, लहान माणसाच्या दानाला छदामही नाही. मेडिक्लेमच्या हप्त्यावर '८० डी'खाली मिळणाऱ्या सवलतीचंही तेच. पंचवीस हजारांच्या हप्त्यावर वरच्या टप्प्यातल्याचे ७,८०० वाचतात, मधल्याचे ५,२००, आणि ज्याला हप्ता भरणं सगळ्यात जड जातं त्याचं काहीच वाचत नाही.

आता त्याच रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर जाऊ. तिथे गणित बरोबर उलटं चालतं. सवलत देताना सरकार माणसाचं उत्पन्न बघून जास्त कमावणाऱ्याला जास्त देतं. बिलातला रुग्णाने स्वतः भरायचा हिस्सा ठरवताना मात्र विमा कंपनी उत्पन्न बघत नाही. सगळ्यांना एकच आकडा.

हा हिस्सा उघडपणे ठरवायचा जो मार्ग आहे त्याला विमा क्षेत्रात डिडक्टिबल म्हणतात. बिल अमुक रकमेपर्यंत गेलं तर ते तुमचं तुम्ही भरा, त्याच्या वर गेलं की आम्ही. मराठी घरांत याची पहिली ओळख बऱ्याचदा परदेशी मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघालेल्या आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समुळे होते. अमेरिकेत नोकरदारांच्या पॉलिसीतही हे नित्याचं आहे; तिथला मराठी माणूस वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टरकडे जायचं टाळतो आणि डिसेंबरात, डिडक्टिबल भरून झालं की, राहिलेल्या सगळ्या तपासण्या उरकून घेतो. आपल्याकडे ही अट मुख्यतः टॉप-अप आणि सुपर टॉप-अप पॉलिसींत असते. या दोहोंतला फरक एजंट घाईघाईत सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो, म्हणून जरा आकड्यांत बघू.

समजा, मूळ मेडिक्लेम पाच लाखांचा आहे. त्यावर पाच लाख डिडक्टिबलची वीस लाखांची जादा पॉलिसी घेतली. वर्षात दोनदा दाखल व्हायची वेळ आली, एकदा बिल चार लाख, दुसऱ्यांदा साडेतीन लाख. मूळ पॉलिसीत रक्कम पुन्हा भरून मिळण्याची सोय नसेल तर पहिल्या वेळी चार लाख आणि दुसऱ्या वेळी एक लाख देऊन ती संपली. उरले अडीच लाख. जादा पॉलिसी साधा टॉप-अप असेल तर ती प्रत्येक बिल वेगळं मोजते. दोन्ही बिलं पाच लाखांच्या आतली, त्यामुळे कंपनी एक रुपया देत नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरते. साडेसात लाखांतून पाच वजा, अडीच लाख मंजूर. दोन पॉलिसींच्या नावात एका शब्दाचा फरक आणि घरातून जाणाऱ्या पैशांत अडीच लाखांचा.

डिडक्टिबल ही मुळात वाईट गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या नावावर चार-पाच लाखांची मुदतठेव आहे, त्याने लहानसहान बिलं स्वतः भरायची आणि विमा मोठ्या संकटासाठी ठेवायचा, हे शहाणपणाचंच. लहान दाव्यांचा कारभार कमी झाला की हप्ता उतरतो. अशा घरात मी तर आग्रहाने सुपर टॉप-अप घ्या म्हणून सांगतो. गडबड होते ती हाच न्याय ठेव नसलेल्या घराला लावला की. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत रँड या संस्थेने हजारो माणसांवर वर्षानुवर्षं एक प्रयोग केला. काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चाचा हिस्सा स्वतः भरायचा. हिस्सा भरणारे डॉक्टरकडे कमी गेले, खर्च वाचला. सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. पण त्यांनी टाळलेल्या उपचारांत अनावश्यक उपचार होते तसे गरजेचेही होते, आणि जे गरीब होते व आधीपासून आजारी होते, त्यांचा रक्तदाब मोफत उपचारांच्या गटात जास्त आटोक्यात राहिला. खिशातून पैसे जाणार म्हटल्यावर माणूस विचार करतो, हे खरं. गरीब माणूस कोणता विचार करतो, तर 'पुढच्या महिन्यात बघू'.

शिवाय आपल्याकडे डिडक्टिबल पॉलिसीवर लिहिलेलं नसतानाही बिलात उगवतं. तीन लाखांचा मेडिक्लेम, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज तीन हजार. दाखल होताना जनरल वॉर्डात खाट नव्हती, सहा हजारांच्या खोलीत पेशंटला ठेवलं. चार दिवसांचं भाडं २४,०००. शस्त्रक्रिया, भूल, थिएटर, डॉक्टरांच्या भेटी, नर्सिंग मिळून १,२०,०००. औषधं आणि तपासण्या ६०,०००, त्यातले ८,००० हातमोजे, मास्क, नोंदणी फी अशा, विमा कंपनी ज्यांना नॉन-पेएबल म्हणते त्या गोष्टींचे. एकूण २,०४,०००. घरच्यांचा हिशेब असा की तीन लाखांचा विमा आहे, दोन लाखांचं बिल आहे, फार तर खोलीच्या भाड्यातला फरक, बारा हजार, आपल्याला पडेल.

प्रत्यक्षात खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून तिच्याशी जोडलेला सगळा खर्च कंपनी त्याच प्रमाणात कापते. नियमानुसार औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, पण सर्जनच्या फीला लागते. मग मंजूर होतात खोलीचे १२,०००, शस्त्रक्रियेकडचे ६०,००० आणि औषध-तपासण्यांचे ५२,०००. एकूण १,२४,०००. उरलेले ८०,००० डिस्चार्जच्या दिवशी भरायचे. विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या डेस्कवरची मुलगी हे अगदी शांतपणे समजावून सांगते. दिवसातून दहा जणांना सांगत असणार. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना तंबी दिली की कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत व्हायला हवी. चांगली सुधारणा आहे. पण नकार लवकर कळला म्हणून ऐंशी हजार लवकर जमत नाहीत.

ते कुठून येतात? सोनं, भिशी, मालकाकडून उचल, मेहुण्याची पतपेढी. हल्ली त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी मदतीची लिंक आली आहे. त्या लिंकवर एखाद्या अनोळखी मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पाचशे रुपये पाठवणाऱ्याला सवलत नाही, कारण व्यक्तीला थेट दिलेली मदत '८० जी'त बसत नाही. ती नोंदणीकृत आणि मान्यताप्राप्त संस्थेलाच द्यावी लागते. त्यामागचं कारण मला मान्य आहे. व्यक्तीला दिलेले पैसे खरोखर उपचाराला गेले का हे आयकर खातं कुठे तपासत बसणार? खोट्या पावत्यांचा धंदा संस्थांच्या नावानेही जोरात चालतोच. खोट्या वजावटी दाखवून परतावे लाटल्याच्या संशयावरून आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर छापे घातले, ते काही उगाच नाही. पण याचा परिणाम काय होतो ते बघा. सरकारी मदत इमारतीला मिळणाऱ्या देणगीमागे उभी राहते आणि त्या इमारतीत पडलेल्या माणसाच्या बिलाला मिळणारा मदतीचा हात एकटा पडतो.

इमारतीला देणगी देण्यात काही वावगं नाही. सीटी स्कॅनचं यंत्र कुणीतरी दिल्याशिवाय येत नाही. पण कोणत्याही ट्रस्टच्या रुग्णालयातून एक चक्कर मारा आणि भिंती वाचा. 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' वॉर्ड आहे, थिएटर आहे, लिफ्ट आहे, पाणपोई आहे. कुणा अनोळखी बाईच्या बिलातल्या हातमोज्यांवर आणि सर्जनच्या कापलेल्या फीवर कुणाच्या वडिलांचं नाव लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि गंमत अशी की हे काम करणारा निधी महाराष्ट्रात कायद्याने अस्तित्वात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, त्याचं कलम ४१ एए. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली त्याखालची योजना पक्की झाली. धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात टाकायची. काउंटरवर त्याला आयपीएफ म्हणतात. निर्धन रुग्णाला खाट, जेवण, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या फुकट, बाकीचा खर्च सर्वांत खालच्या दराने, औषधं आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीला, आणि हे सगळं त्या निधीतून वळतं करायचं. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधं आणि इम्प्लांट यांचा निम्मा तरी खर्च उचलायचा. तातडीच्या वेळी आधी दाखल करून घ्यायचं, अनामत मागायची नाही. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालयं आहेत. त्यांतल्या कित्येकांना नाममात्र भाड्याने जमीन मिळालेली आहे, जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळालेला आहे, आणि ट्रस्ट म्हणून उत्पन्नावर आयकराची माफी तर आहेच. दात्याला मिळणारी सवलत ही या सगळ्याच्या वर.

मग अडतं कुठे? एक तर उत्पन्नाच्या मर्यादेवर. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. सोसायटीच्या वॉचमनला सोळा हजार पगार असेल आणि त्याची बायको घरकामं करून पंधरा हजार मिळवत असेल, तर वर्षाचे झाले ३,७२,०००. ते बसत नाहीत. पुण्या-मुंबईत दोघं राबणारं जवळजवळ कुठलंच घर बसत नाही. पोराने कष्टाने तीन लाखांचा मेडिक्लेम काढला असेल तर त्याला वरचे ऐंशी हजार भरावेच लागतात. त्या तुटीकडे निधी बघतही नाही.

दुसरं, दाखला. रात्री दोनला छातीत कळ आलेल्या माणसाच्या मुलाने तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून आणायचा तो कुठून? रेशन कार्ड चालतं, पण ते गावाकडे, भावाच्या घरी, कपाटात. समाजसेवा विभागातली व्यक्ती भली असेल तर मार्ग निघतो. ती सकाळी साडेनऊला येते.

तिसरी अडचण अशी की ही योजना आहे हेच कुणाला माहीत नसतं, आणि माहीत होऊ नये यात काहींचा स्वार्थ असतो. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या घरच्यांकडे दहा लाख रुपये अनामत मागितल्याच्या आरोपावरून मोठा गदारोळ झाला. जुळ्यांना जन्म दिल्यावर दुसऱ्या रुग्णालयात त्या बाईचा मृत्यू झाला. चौकश्या झाल्या, आंदोलनं झाली, वाहिन्यांवर आठवडाभर कलम ४१ एए वाचून दाखवलं गेलं. त्या आठवड्यात पुष्कळ लोकांना पहिल्यांदाच कळलं की आपण ज्याला महागडं खासगी हॉस्पिटल समजत होतो ते कागदोपत्री धर्मादाय आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मुद्दा इथे कुणी काढेल, आणि काढायलाच हवा. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना पुढे केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. यात डिडक्टिबल नाही, हिस्सा नाही, हप्ता नाही. माझ्या मते सार्वजनिक विम्याची ही योग्य रचना आहे. पण ती ठरावीक यादीतल्या उपचारांना आणि नोंदणी झालेल्या रुग्णालयांना लागू होते, आणि सगळी धर्मादाय रुग्णालयं तिच्यात नाहीत. सरकार देतं ते दर परवडत नाहीत असं रुग्णालयं म्हणतात. काही उपचारांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. या सगळ्या ओढाताणीत वॉचमनचं कुटुंब योजनेत बसत असूनही जवळच्या दारात गेल्यावर 'इथे नाही चालत' हे ऐकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दानावरची करसवलत दात्याच्या खिशातून काढून या निधीत घालावी. ब्रिटनमध्ये १९९० पासून गिफ्ट एड नावाची पद्धत आहे. करदात्याने संस्थेला एक पौंड दिला की संस्था सरकारकडून त्यावर आणखी पंचवीस पेन्स मागून घेते. वरच्या टप्प्यातल्या करदात्याला तिथेही स्वतःसाठी थोडी सवलत मागता येते. तो भाग आपण घेऊ नये. आपल्याकडे असं करता येईल: धर्मादाय रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीला कुणीही शंभर रुपये दिले, तर सरकारने त्यात आपले पंचवीस घालावेत. देणारा व्यवस्थापक असो की रिक्षावाला, करदाता असो वा नसो. पावती मिळेल, कर वाचणार नाही. आणि निधीतून कोणाला मदत द्यायची याची व्याख्या उत्पन्नाच्या दाखल्यापुरती न ठेवता विमा असूनही उरलेल्या तुटीपर्यंत वाढवावी. मर्यादा हवीच, पण ती बिल आणि उत्पन्न यांच्या प्रमाणावर ठेवावी. वर्षाच्या कमाईच्या अमुक हिश्श्याहून जास्त बिल अंगावर आलं की निधीचं दार उघडावं.

यावर लगेच म्हटलं जाईल की सवलत गेली तर लोक देणग्या देणं थांबवतील. पण सवलत बहुतेकांची आधीच गेली आहे, आणि कुणी बोंब मारलेली नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात आलेली नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते. तिच्यात '८० जी' नाही, '८० डी'ही नाही. २०२५-२६ पासून तिच्यात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत. मध्यमवर्गातला फार मोठा भाग आता देणगीची पावती फाइलला लावून काहीच मिळवत नाही. उरलेत ते जुन्या प्रणालीला धरून राहिलेले, बऱ्याचदा मोठ्या वजावटी असलेले आणि मोठ्या उत्पन्नाचे. म्हणजे सुरुवातीच्या उदाहरणातली विषमता आणखी टोकदार झाली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. लोक मात्र पावतीला '८० जी'च म्हणतात आणि म्हणत राहतील. आकडे बदलण्यापेक्षा या निमित्ताने दानाच्या सवलतीचं मूळच तपासलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आयकर केंद्राचा, धर्मादाय कायदा राज्याचा. एकाच्या तिजोरीतून दुसऱ्याच्या निधीत पैसे कसे जाणार? कठीण आहे, अशक्य नाही. आयुष्मान भारतचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा वाटून घेतातच. शिवाय एक पाऊल आज, कायदा न बदलता टाकता येईल. ट्रस्टांना आयकराची माफी मिळण्यासाठी जी नोंदणी लागते, जुन्या कायद्यात १२ एबी खालची, ती देताना आयकर आयुक्तांनी बघायचं असतं की संस्थेच्या उद्दिष्टांसाठी महत्त्वाच्या अशा इतर कायद्यांचं पालन ती करते आहे का. धर्मादाय रुग्णालयासाठी ४१ एए पेक्षा महत्त्वाचा दुसरा कोणता कायदा असणार? नूतनीकरणाच्या वेळी धर्मादाय आयुक्तांचा एक कागद मागायचा: निधीत किती जमा झाले, किती खर्च झाले, किती रुग्णांवर. खाटा रिकाम्या आणि निधी शिल्लक असेल तर माफी का द्यायची, हा प्रश्न दिल्लीने विचारायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीतल्या सवलतीच्या जमिनीवरच्या रुग्णालयांना दहा टक्के आंतररुग्ण आणि पंचवीस टक्के बाह्यरुग्ण मोफत बघायला लावलं, ते याच तर्काने: समाजाकडून घेतलंत ना, मग परत द्या.

रुग्णालयांची बाजूही ऐकायला हवी. दोन टक्क्यांचा निधी कित्येक ठिकाणी पुरत नाही. कर्करोग आणि हृदयरोगाच्या मोठ्या केंद्रांत तो वर्ष संपायच्या आत आटतो आणि पुढचा खर्च रुग्णालयाच्या अंगावर येतो. प्रामाणिकपणे योजना राबवणाऱ्याला भुर्दंड आणि खाटा 'भरलेल्या' दाखवणाऱ्याला फायदा, अशी उलटी व्यवस्था झाली आहे. म्हणून तर सरकारी पंचवीस रुपये रुग्णालयाच्या सामान्य खात्यात न जाता याच निधीत जावेत असं मी म्हणतो. जो जास्त गरीब रुग्ण बघेल त्याच्याकडे जास्त देणग्या वळतील आणि त्यावर सरकारची भर पडेल. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यापासून करमाफी घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना आपलं मदतीचं धोरण लेखी जाहीर करावं लागतं, आणि रुग्ण त्यात बसतो का हे तपासण्याआधी वसुलीची टोकाची कारवाई करता येत नाही. तिथेही पळवाटा काढल्या जातातच. पण धोरण भिंतीवर लावलेलं असलं की निदान ते दाखवून भांडता येतं.

हप्त्यावरच्या सवलतीबद्दल मात्र मी वेगळं बोलेन. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. कर कमी करायचाच असेल तर तो असा करावा: पाच हजारांचा हप्ता भरणाऱ्यालाही फायदा मिळाला, पन्नास हजारांचा भरणाऱ्यालाही, आणि त्यासाठी विवरणपत्र भरावं लागलं नाही. कंपन्यांनी मूळ हप्ते हळूच वाढवून तो गिळू नये यावर नियामकाने डोळा ठेवायला हवा, एवढंच.

या वर्षी कुणा धर्मादाय रुग्णालयाला पैसे देणार असाल तर कायदा बदलण्याची वाट बघायचं कारण नाही. रोख देऊ नका. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला तशीही सवलत नाही. धनादेशासोबत दोन ओळींचं पत्र जोडा, ही रक्कम निर्धन रुग्ण निधीसाठीच आहे, बांधकामासाठी नाही, आणि त्या पत्राची पोच घ्या. काउंटरवरचा माणूस 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' म्हणण्याची शक्यता बरीच आहे. मग समाजसेवा विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा आणि तिथे जाऊन निधीत सध्या शिल्लक किती आहे तेही विचारा. सांगितलं नाही तर ट्रस्टची लेखापरीक्षित हिशेबपत्रकं दरवर्षी धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. अर्ज करून त्यांची प्रत मिळते.